ती गेली खंय

नववी ब, तिसरा तास. फळ्यावर मी लिहिलं:
ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही.
आणि दरवर्षीसारखं म्हणालो, पैशासारखं समजा.
या खिशातून त्या खिशात. रूप बदलतं, बेरीज नाही.

(माझे वडील कराडला पतपेढीत कारकून होते.
मला उपमा सुचतात त्या अशाच, शिक्का मारलेल्या.)

तळाशीलची शाळा. एका खिडकीत खाडी, दुसरीत दर्या,
मधल्या चिंचोळ्या वाळूवर आमची बाकं.
इनास डिसोजा उठला.
"सर, बांगड्यांचो भाव सकाळी दोनशें, दुपारी ऐंशी.
टोपली तीच. मगे उरलेले पैशे खंय गेले?"
वर्ग हसला. मीही हसलो,
जरा जास्त वेळ.

मग पाण्याकडे वळलो. टाकी, नळ, उंचावरून खाली.
इकडच्या मुलांना पाणी काय समजावायचं!
चाचणीत एकीनं लिहिलं:
'दगडात ऊर्जा भरलेली असते. दगड फोडल्यास ती सांडते.'
अर्धा गुण दिला. खोडला. परत दिला.
सांडणं मीच शिकवलं होतं.

आणि एकानं, 'बर्फातला गारठा माशात शिरतो.'
हा पहाटे चारला जेटीवर लाद्या फोडतो,
पेटीत थर लावतो, बर्फ, मासे, बर्फ.
पुस्तक म्हणतं, गारठा शिरत नाही,
माशातली ऊब निघून बर्फात जाते.
बरोबर आहे पुस्तकाचं.
पण बाकावर ठेवलेली त्याची बोटं
दुसऱ्या तासापर्यंत वाकत नाहीत,
आणि त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू?

शनिवारी रापण लागली. शाळा सकाळची होती,
मीही दोराला हात घातला.
टाचा वाळूत रुतवून मागे मागे चालायचं,
शेवटचा माणूस दोर सोडतो,
पाण्याकडे जाऊन पुन्हा पहिला होतो.
दोन्ही अंगांना वीस-वीस माणसं,
आणि जाळं येतं ते बोटभर, बोटभर.
दीड तासानं किनाऱ्याला लागलं:
पाटीभर पेडवे, ढीगभर शेवाळ, एक डाव्या पायाची चप्पल.

हर्षला मेथर होडीच्या सावलीत वही घेऊन बसलेली.
जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसागणिक वाटा.
मान वर न करता म्हणाली, "सरांचो अर्धो."

मी धापा टाकत विचारलं, परीक्षकाचा आवाज काढून,
"एवढी ओढली सगळ्यांनी, ती गेली कुठे?
मासळी तर पाटीभरच."

तिनं माझा हात उलटा केला.
दोराचा लाल वळ, मिठानं चुरचुरणारा, कढत.
"ही काय. थोडी हंय. थोडी रेंवेत."
मग पेन्सिल कानाला अडकवून, स्वतःशीच,
"सर, ती वस्तू नायच मां?
ती वही आसा.
कोणाक दिसाची नाय, पण बेरीज जुळूक व्हयी.
नाय जुळली तर परत शोदूचां."

अठरा वर्षं शिकवतोय.
तिला शाब्बास म्हणायचं राहून गेलं,
कारण तेव्हा मी तिच्या आज्याकडे बघत होतो.
तो वाळूवर आडवा झाला होता, डोळ्यांवर पंचा.
वहीत त्याचा वाटा नीट मांडलेला,
बेरीज जुळलेली,
आणि दमणं कुठल्याच रकान्यात नाही.

सोमवारी पुन्हा तोच फळा. तेच वाक्य.
पैशासारखं, पाण्यासारखं, वहीसारखं,
तिन्ही लिहिली, आणि प्रत्येकीपुढे: कुठवर?
शेवटी 'समजा' लिहायला गेलो.
हा आपला एकच शब्द,
कळून घ्या असंही म्हणतो
आणि तूर्तास धरून चाला असंही.

तळहाताला फोड आलेला. खडू धड धरता येईना.
'समजा' तेवढा तिरपा उमटला.
मागच्या बाकावरून इनास म्हणाला,
"सर, दोर सैल धरूचो, घट्ट धरलास तर हात सोलता."